कळत नाही, की दिसत नाही?

‘चाळिशी’ या शब्दाला आपल्या मराठीत दोन अर्थ आहेत. एक म्हणजे वय, आणि दुसरा त्या वयात नाकावर येऊन बसणारा चष्मा. ‘माझी चाळिशी कुठे ठेवलीस गं?’ असं घरातली मोठी माणसं विचारायची तेव्हा कुणाला त्यात नवल वाटायचं नाही. वय झालं की जवळचं दिसेनासं होणार, सुईत दोरा ओवायला नातवाला हाक मारावी लागणार, तांदूळ निवडायचं ताट खिडकीपाशी न्यावं लागणार, हे सगळं आपल्या भाषेनंच गृहीत धरलेलं होतं. त्यात कसली लाज नव्हती.

मोबाईल हातात आला आणि इथे मात्र काहीतरी बिनसलं. सुईत दोरा ओवता आला नाही तर बाई म्हणते, “मला दिसत नाही गं.” आणि मोबाईलवरचा मेसेज वाचता आला नाही तर तीच बाई म्हणते, “मला त्यातलं काही कळत नाही बाई!”

हा एका शब्दाचा फरक मी गेली काही वर्षं बचत गटाच्या बैठकांत, हळदीकुंकवाला, एसटीच्या थांब्यावर ऐकते आहे. ऐकून ऐकून माझी खात्रीच झाली आहे, की मोबाईल ‘कळत नाही’ म्हणणाऱ्या आपल्यातल्या निम्म्याशिम्म्या बायकांना तो खरं तर नुसता ‘दिसत नाही’. दुकानातून आणलेल्या फोनची अक्षरं कारखान्यातून ज्या मापाची येतात, त्याच मापाची वर्षानुवर्षं राहतात. ते माप पंचविशीतल्या डोळ्यांना ठीक असतं, पन्नाशीतल्या डोळ्यांना नसतं. फोन घेऊन देतो मुलगा, चालू करून देतो मुलगा, आणि त्याला सगळं स्वच्छ दिसत असल्यामुळे आईला काय दिसतंय हे विचारायचं त्याच्या ध्यानातच येत नाही. बिचाऱ्याचा दोष आहे असंही नाही.

पण एकदा ‘कळत नाही’ म्हटलं की पुढचं सगळं ठरून जातं. मुलगा म्हणतो, “आई, दे इकडे, मी बघतो.” सून म्हणते, “राहू द्या हो आई, मी भरते ते.” हे प्रेमानंच म्हटलं जातं. पण हळूहळू बँकेचा मेसेज कुणी वाचायचा, ओटीपी कुणी सांगायचा, पैसे कुणी पाठवायचे हे सगळं दुसऱ्याच्या बोटात जातं. फोन आपला, खातं आपलं, सही आपली. आणि वाचणार दुसरा!

आमच्या एका गटात शिवणकाम करणाऱ्या एक ताई आहेत. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश, दिवाळीत तर मान वर करायला सवड नसते. पैसे आता बरेचसे फोनवरूनच येतात. त्यांचे मेसेज दीर वाचायचा. “आले का हो भाऊजी?” “आले वहिनी.” किती आले, किती उरले, हे विचारायची पद्धत नव्हती. एका बैठकीत आम्ही सगळ्यांच्या फोनची अक्षरं मोठी केली, तशी त्यांचीही केली. त्यानंतर दहा मिनिटं ताई काही बोलल्या नाहीत. जुने मेसेज एकेक करून वर सरकवत वाचत बसल्या. दर महिन्याला कधी पाचशे, कधी सातशे एटीएममधून काढल्याचे मेसेज होते. चोरानं नेले नव्हते, घरातच गेले होते. पण त्यांना न विचारता गेले होते. घरी जाऊन काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. पुढच्या महिन्यापासून एटीएमचं कार्ड त्यांच्या पर्समध्ये असतं, एवढं मला दिसतं.

म्हणून मला हा विषय ‘टेक्निकल’ वाटत नाही. २०२४ साली राज्यात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना सुरू झाली आणि महिन्याला दीड हजार रुपये दोन कोटींहून जास्त बायकांच्या स्वतःच्या खात्यात जमा होऊ लागले. त्यातल्या कितीतरी जणींना स्वतःच्या नावानं बँकेचा मेसेज येण्याची आयुष्यातली ही पहिलीच वेळ असेल. २०२५ मध्ये त्याच योजनेसाठी ई-केवायसी करायची वेळ आली तेव्हा पुन्हा तेच: आधारचा नंबर, ओटीपी, छोट्या चौकोनात छोटी अक्षरं. ज्यांना दिसलं त्यांनी घरी बसून केलं. ज्यांना दिसलं नाही त्या सेंटरच्या रांगेत उभ्या राहिल्या, आणि फोन काउंटरवरच्या मुलाच्या हातात दिला.

आता आधी डोळ्यांचं बघू. आपल्या डोळ्यात एक भिंग असतं. तरुणपणी ते लवचीक असतं. जवळचं बघताना फुगतं, लांबचं बघताना सपाट होतं, आणि हे आपल्या नकळत होत राहतं. वयाबरोबर ते कडक होत जातं. चाळिशीच्या आसपास ते इतकं कडक होतं, की जवळच्या अक्षरांवर नजर ठरत नाही. मग आपण काय करतो? फोन लांब धरतो. हात जेवढा पुरतो तेवढा लांब! पण लांब धरलं की अक्षर स्पष्ट होतं आणि त्याच वेळी आणखी बारीकही दिसतं. म्हणजे एका हातानं मिळवलं ते दुसऱ्या हातानं घालवलं. हा आजार नाही, केस पांढरे होतात तसंच आहे हे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली दृष्टीविषयी एक मोठा अहवाल काढला. त्यात म्हटलं होतं, की जवळचं नीट न दिसणारी, आणि तरीही साधा वाचायचा चष्मा न मिळालेली माणसं जगात ८२ कोटी ६० लाख आहेत. यातल्या पुष्कळजणी आपल्या आसपास, चुलीपाशी आणि शिलाई मशिनपाशी बसलेल्या असणार.

चष्म्यानं काय होतं याचा एक पुरावा आपल्याच देशातला आहे. २०१७ साली आसामच्या चहाच्या मळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांवर एक अभ्यास झाला. त्यात बहुतेक बायकाच होत्या. निम्म्यांना वाचायचा चष्मा लगेच दिला, बाकीच्यांना अभ्यास संपल्यावर. ज्यांना आधी चष्मा मिळाला त्यांची रोजची चहाची पानं दुसऱ्या गटापेक्षा जवळजवळ २२ टक्क्यांनी जास्त भरली. २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. पानं खुडायला शिक्षण लागत नाही, अक्षरओळख लागत नाही, तिथेही नुसतं नीट दिसल्यानं एवढा फरक पडला! तेव्हा अक्षरं मोठी करा हे मी सांगणारच आहे, पण चष्म्याला पर्याय म्हणून नव्हे. चष्मा हवाच. अक्षर मोठं करायचं ते डोळ्यांना आणखी थोडा आराम म्हणून, आणि चष्मा फ्रिजवर राहिलेला असताना गॅसपाशी उभं राहून ओटीपी वाचता यावा म्हणून.

चला तर मग, फोन हातात घ्या. मुलाला हाक मारू नका, अजून तरी नको.

अँड्रॉइडच्या फोनमध्ये दातेरी चाकाचं चित्र असतं, ते ‘सेटिंग्ज’. ते उघडलं की ‘डिस्प्ले’ नावाची ओळ शोधा. त्यात ‘फॉन्ट साइझ’ किंवा ‘टेक्स्ट साइझ’ असं काहीतरी असतं. कंपनीगणिक नावं थोडी बदलतात, तेव्हा गोंधळू नका. सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर भिंगाचं चित्र असतं, तिथे ‘फॉन्ट’ एवढंच लिहिलं तरी बहुतेक फोन तुम्हाला नेमक्या जागी नेऊन सोडतात. तिथे एक आडवी पट्टी दिसते आणि तिच्यावर एक ठिपका. ठिपका उजवीकडे सरकवला की अक्षर वाढतं. बहुतेक फोनमध्ये वर नमुन्याचा मजकूरही दिसतो, म्हणजे आधी बघून मग ठरवता येतं. साडीचा पदर अंगावर टाकून बघतो तसंच की! २०२३ साली अँड्रॉइडची चौदावी आवृत्ती आली, तेव्हापासून अक्षर मूळच्या दुप्पट करायची सोय तिच्यात आहे. जुन्या फोनमध्ये एवढं वाढत नाही, पण दोन-तीन टप्पे तरी मिळतातच.

त्याच जागी किंवा तिच्या आसपास ‘डिस्प्ले साइझ’ नावाची दुसरी पट्टी असते. पहिली फक्त अक्षरं वाढवते. ही दुसरी सगळंच वाढवते: चित्रं, बटणं, चौकोन. ज्यांचं बोट नेहमी शेजारच्या बटणावर पडतं त्यांनी ही वाढवावी. (नानांना फोन लावताना ननंदेला लागतो, ही तक्रार मी इतक्या जणींकडून ऐकली आहे!) तिसरी गोष्ट ‘बोल्ड टेक्स्ट’, म्हणजे ठळक अक्षर. अक्षर न वाढवता नुसतं ठळक केलं तरी काहीजणींचं काम भागतं, आणि त्यात जागाही फारशी जात नाही.

आता एक महत्त्वाचं. पहिल्याच दिवशी ठिपका शेवटच्या टोकाला नेऊन ठेवू नका. मला माहीत आहे, मोठं अक्षर दिसलं की हावरटासारखं होतं. पण काही अ‍ॅप अशी घाईनं बनवलेली असतात, की अक्षर मोठं झालं की त्यांचा मजकूर चौकटीत मावत नाही. शेवटचे शब्द कापले जातात, किंवा खालचं ‘पुढे जा’चं बटणच पडद्याबाहेर जातं. मग वाटतं फोन बिघडला. बिघडलेला नसतो. अशा वेळी आधी बोटानं वर सरकवून बघायचं, नाही जमलं तर ‘डिस्प्ले साइझ’ एक टप्पा कमी करायची आणि अक्षर तसंच ठेवायचं. पैशांच्या अ‍ॅपमध्ये तर हे आधी तपासून घ्यावं. रकमेचा शेवटचा आकडा कापला गेला तर पाच हजाराचे पाचशे दिसायचे! माझं मत विचाराल तर दोष त्या अ‍ॅपवाल्यांचा आहे, अक्षर मोठं करणाऱ्या बाईचा नाही. पण ते सुधारेपर्यंत आपणच सांभाळून घ्यायला हवं.

व्हॉट्सअ‍ॅपचं थोडं निराळं आहे. अँड्रॉइड फोनवर त्याच्या आत स्वतःची वेगळी सोय असते: वर उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके, मग ‘सेटिंग्ज’, मग ‘चॅट्स’, आणि तिथे ‘फॉन्ट साइझ’. लहान, मध्यम, मोठा असे तीनच पर्याय. अनेकजणी फोनचं अक्षर मोठं करतात, पण हे राहून जातं. आयफोन असेल तर (आपल्याकडे बहुधा मुलाचा जुना झालेला येतो) सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले अँड ब्राइटनेस’मध्ये ‘टेक्स्ट साइझ’ आणि ‘बोल्ड टेक्स्ट’ आहे. त्याहून मोठं हवं असेल तर ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’मध्ये मिळतं.

एवढं करूनही फोटोतली अक्षरं मोठी होत नाहीत, हे लक्षात ठेवा. शाळेची नोटीस, लग्नाची पत्रिका, सोसायटीचं पत्रक हे हल्ली फोटो काढून पाठवलं जातं. फोनच्या दृष्टीनं ते अक्षर नसतं, चित्र असतं. ते दोन बोटांच्या चिमटीनं ताणून मोठं करायचं. आणि सगळ्याच पडद्यावर चालेल असं भिंग हवं असेल तर ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’त ‘मॅग्निफिकेशन’ असतं. ते चालू केलं की पडद्यावर तीनदा टकटक केल्यावर, किंवा बाजूला येणाऱ्या एका छोट्या बटणावरून, हवा तो भाग मोठा होतो. दोन बोटांनी इकडेतिकडे सरकवत वाचता येतं. औषधाच्या पुडीवरची तारीख किंवा बियाण्याच्या पाकिटामागचं बारीक लिहिलेलं वाचायचं असेल तर त्याचा फोटो काढून तो ताणावा. हा उपाय मला तर भिंगापेक्षाही सोयीचा वाटतो.

आता आपल्या मराठीचं बघा. इंग्रजीत ज्या मापावर वाचता येतं त्याच मापावर मराठी वाचताना डोळे ताणले जातात, असं पुष्कळजणी सांगतात. ते खरं आहे, आणि त्यात त्यांच्या मराठीची काही चूक नाही. आपल्या अक्षराला डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार असतात. पायाशी उकार असतात. पोटात जोडाक्षरं असतात. तेवढ्याच उंचीत हे सगळं बसवायचं म्हटलं की मूळ अक्षराच्या वाट्याला जागा कमी येते. मग ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ष’ आणि ‘प’ एकमेकांसारखे दिसायला लागतात. ‘घन’ आणि ‘धन’ यांत फरक केवढा, आणि पडद्यावर तो फरक केवढासा! शिवाय कित्येक फोनवर आपला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ न येता हिंदी पद्धतीचे येतात. ते वाचता येतात हो, पण पाटीवर वेगळं गिरवलेल्या डोळ्यांना क्षणभर अडखळायला होतंच. म्हणून मराठी वाचणारीनं इंग्रजी वाचणाऱ्या मुलापेक्षा एक टप्पा मोठं अक्षर ठेवावं, असं माझं सांगणं असतं. काही फोनमध्ये नक्षीदार, वळणावळणाच्या अक्षरांचे प्रकार असतात आणि नाती हौसेनं ते लावून देतात. दिसायला छान, पण वाचायला त्रास. ते काढून साधं सरळ अक्षर ठेवा.

इंटरनेटवर मराठी वाचायला मिळणं हीच एके काळी मोठी गोष्ट होती, बरं का. वीसेक वर्षांपूर्वी मराठी वर्तमानपत्रांच्या वेबसाइट उघडल्या की ज्याचा त्याचा वेगळा फॉन्ट आधी उतरवून घ्यावा लागे. नाहीतर बातमीच्या जागी नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसायची. पुढे युनिकोडची पद्धत सगळीकडे आली आणि तो त्रास संपला. तेव्हा आता फोनची भाषाच मराठी करून टाकायला काय हरकत आहे? सेटिंग्जमध्ये भाषा बदलता येते. पहिले दोन दिवस बावरायला होतं, काही मराठी शब्द इंग्रजीपेक्षा अवघड वाटतात (वाटतातच!), पण ज्या बाईचं शिक्षण मराठीत झालं आहे तिला ‘डिलीट’ आणि ‘हटवा’ यांत ‘हटवा’च लवकर वाचता येतं.

भाषा आणि अक्षर यांचा प्रश्न किती खरा असतो ते अंगणवाडी सेविकांना विचारा. पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप २०२१ साली आलं आणि बाळांची वजनं, उंची, आहार सगळं मोबाईलवर भरायचं ठरलं. भरणाऱ्या सेविका कोण? त्यातल्या कितीतरी चाळिशी-पन्नाशीतल्या. सरकारनं दिलेले फोन नादुरुस्त होणारे, मेमरी अपुरी, आणि अ‍ॅप मराठीत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यात ठिकठिकाणी सेविकांनी मोर्चे काढून ते फोन सरकारला परत केले. त्या वेळी ‘या बायकांना मोबाईल वापरायला नको, काम नको’ असं बोलणारे लोक मी स्वतः ऐकले आहेत. त्याच सेविका वर्षानुवर्षं रजिस्टरांच्या थप्प्या बिनचूक भरत होत्या. त्यांना काम कळत नव्हतं?

ज्यांना मोठं करूनही दिसत नाही, किंवा ज्यांची अक्षरओळख कच्ची आहे, त्यांच्यासाठी फोन वाचूनही दाखवतो. अँड्रॉइडमध्ये ‘सिलेक्ट टू स्पीक’ नावाची सोय ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’त असते. ती चालू करून मजकुरावर बोट टेकवलं की तेवढाच भाग फोन बोलून दाखवतो, मराठीसुद्धा. उच्चार कधीकधी मजेशीर असतात, पण अर्थ कळतो. फक्त चारचौघांत बँकेचा मेसेज मोठ्यानं वाचून घेऊ नका, कानात इयरफोन घाला. याच यादीत ‘टॉकबॅक’ही दिसेल. ती सोय अंध व्यक्तींसाठी आहे आणि त्यांच्या दृष्टीनं अमूल्य आहे. पण डोळस बाईनं गंमत म्हणून ती चालू करू नये. ती चालू झाली की एकदा टेकवलं तर फोन नुसतं नाव सांगतो, दोनदा टकटक केल्यावर उघडतो, आणि वर-खाली सरकवायला दोन बोटं लागतात. हे माहीत नसलं की फोन भुतानं झपाटल्यासारखा वाटतो! चुकून चालू झाली तर याच रीतीनं परत सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करायची.

या सोयी म्हणजे कंपन्यांची मेहेरबानी नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात माहिती आणि तंत्रज्ञान सर्वांना वापरता यावं, असं स्पष्ट म्हटलं आहे. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रज्ञा प्रसून यांच्या प्रकरणात जो निकाल दिला तो प्रत्येकीला माहीत असायला हवा. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या बायकांना ऑनलाइन केवायसी करता येत नव्हती, कारण पडद्यावर सूचना यायची, ‘डोळ्यांची उघडझाप करा’. ज्यांच्या पापण्याच जळून गेल्या आहेत त्यांनी उघडझाप कशी करायची? तशीच अडचण दृष्टिहीनांची. डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयानं म्हटलं आणि केवायसी सर्वांना जमेल अशी करण्यासाठी वीस निर्देश दिले. तिथे प्रश्न आपल्या चष्म्यापेक्षा कितीतरी मोठा होता, पण जातकुळी तीच. पडदा माणसाला जुळवून घेणार, की माणसानं पडद्यापुढे हार मानायची?

प्रकाशाबद्दलही सांगते, कारण डोळे दुखण्याचं निम्मं कारण तिथे असतं. अंगणात उन्हात फोन काळा दिसतो आणि रात्री तोच डोळ्यांत घुसतो. ‘ऑटो’ किंवा ‘अ‍ॅडाप्टिव्ह ब्राइटनेस’ चालू ठेवलं तर फोन आजूबाजूचा उजेड बघून आपला आपण कमी-जास्त होतो. सगळे दिवे मालवून पांघरुणात फोन बघणं सोडा. वाचायचंच असेल तर खोलीत एक दिवा राहू द्या. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, म्हणजे ‘डार्क मोड’, हल्ली तरुण मुलांत फार चालतो. तो सगळ्यांना मानवतो असं नाही. बहुतेकांना पांढऱ्यावर काळंच जास्त स्पष्ट वाचता येतं. चष्म्याच्या नंबरात तिरपा नंबर असेल तर काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरल्यासारखी दिसतात. उलट मोतीबिंदूची सुरुवात असेल तर पांढऱ्या पडद्याचा झगझगाट सहन होत नाही आणि काळा बरा वाटतो. तेव्हा दोन्ही दोन दिवस वापरून बघा आणि तुमच्या डोळ्यांना विचारा, शेजारणीच्या नको.

पडद्याकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो. एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा मिटतात, फोन बघताना त्याहून पुष्कळ कमी. म्हणून डोळे कोरडे होतात, चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर लांबच्या झाडाकडे बघायचं आणि मुद्दाम पापण्या मिटायच्या, एवढं पुरतं. यासाठी ‘ब्लू कट’ काच घ्या, असं चष्म्याच्या दुकानात आग्रहानं सांगतात आणि पाचशे-हजार वाढवतात. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेनं अशा काचांवरच्या १७ चाचण्या एकत्र तपासल्या. साध्या काचेच्या तुलनेत डोळ्यांचा ताण कमी होतो असं काही त्यांत आढळलं नाही. ते पैसे वाचवा आणि नंबर नीट तपासून घ्या.

नंबर तपासायला मात्र डॉक्टरकडेच. फोनचं अक्षर सहा महिन्यांत दोनदा वाढवावं लागलं, दिव्याभोवती वलयं दिसायला लागली, एकाच डोळ्यानं अंधूक दिसायला लागलं, सरळ ओळ वाकडी दिसू लागली, तर अक्षर वाढवत बसू नका. मधुमेह असलेल्यांनी तर वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायलाच हवा, दिसत असलं तरीही. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे १९७६ पासून आहे. जिल्हा रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते.

आमच्या बैठकीत आम्ही हे करतो तेव्हा एकच नियम पाळतो: शिकवणारीनं शिकणारीच्या फोनला हात लावायचा नाही. नुसतं तोंडानं सांगायचं. बोट जिचं तिचं. वेळ लागतो, हशा पिकतो, एखादीचा फोन चुकून भलत्याच भाषेत जातो आणि मग सगळ्या मिळून तो परत आणतात. पण हातानं केलेलं विसरत नाही. कॉलेजातल्या मुली मदतीला येतात त्यांनाही मी हात मागे बांधून उभं करते. त्यांना ते भलतंच अवघड जातं!

प्रश्न मात्र ठरलेले असतात. घरात कॉम्प्युटर आहे, त्याचं काय? तिथे वेबसाइट बघताना कंट्रोलचं बटण दाबून धरायचं आणि अधिकचं चिन्ह दाबायचं, पान मोठं होतं. कंट्रोल आणि शून्य दाबलं की पूर्ववत. फोन अपडेट झाल्यावर अक्षर पुन्हा लहान झालं तर? क्वचित होतं, पुन्हा त्याच वाटेनं जायचं. ती वाट एका चिठ्ठीवर लिहून फोनच्या कव्हरमध्ये ठेवा. मुलं म्हणतात, केवढाली अक्षरं केलीस, शेजारच्याला दिसतील. खरं आहे, बसमध्ये पिन टाकताना फोन पोटाशी धरायचा. आणि हमखास कुणीतरी विचारतंच, “अक्षरं मोठी केली तर बॅलन्स जास्त जातो का हो ताई?” नाही जात. नेटही जास्त जात नाही, बॅटरीही नाही. ब्राइटनेस वाढवला तर बॅटरी जाते, तेवढी मात्र जाते.